दोन मिलिसेकंद

मी उदगीरला, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून.
माझी खुर्ची लातूरला, एमआयडीसीत,
डाळमिलच्या ऑफिसात.
खुर्चीपुढे चालू ठेवलेला कॉम्प्युटर,
त्याच्या पोटात तुरीची आवक, चुरी, बारदाना,
आणि उद्या वीस तारीख.

व्हीपीएनचं कुलूप हिरवं झालं होतं.
तरी पुढची खिडकी उघडेना.
पलीकडचा कॉम्प्युटर बंद असेल,
किंवा नेटवर्कवर नसेल,
किंवा तुम्हाला परवानगी नसेल.
इतक्या 'किंवां'चं मी काय करू?

पासवर्ड पुन्हा टाकला, एकेका बोटानं.
वायफाय बंद केलं, लावलं.
सगळंच बंद करून, कुबडी घेऊन,
पाणी पिऊन आले.
मग रात्रपाळीच्या हणमंतमामांना फोन:
माझा डबा चालू आहे का, बघता?
'पंखा घुरघुर करूलालाय की, पोरी. दिवा बी हाय.'
म्हणजे तोही जागा.
मधे साठ-पासष्ट किलोमीटर काळोख.

साडेनऊला मैनोद्दीन सापडला,
निलंग्यात, साडूच्या घरच्या लग्नात,
मागे बँजो.
'पिंग मारा, मॅडम.'
मारला. उत्तर आलं. चारही वेळा आलं.
आलं, आलं, मी ओरडलेच.
तो गप्प. बँजो तेवढा वाजत राहिला.
'किती मिलिसेकंद?'
'दोन.'
'लातूरहून दोनात कुणी येत नसतंय, मॅडम.
चाळीसेक तरी लागतेत.
दोनात ओ देणारा घरातलाच असतो.
घरात अजून काय चालू हाय?'

दाराशी जाऊन पाहिलं.
सासूबाई, शेंगांचं सूप मांडीवर,
आणि समोर टीव्ही,
महिन्यापूर्वीच वायफायला जोडलेला.
त्याला घरच्या राउटरनं सहज देऊन टाकलेला नंबर:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, वीस.
लातूरला माझ्या टेबलावर
चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला नंबर:
तोच. अगदी तोच.

मी लातूर म्हणून हाक मारायची,
आणि हॉलमधला टीव्ही म्हणायचा, काय गं?
काखेत कळसा नि गावाला वळसा, ऐकलं होतं.
इथं कळसा खरंच गावात,
आणि हा शहाणा मशीन
काख चाचपत बसलेला संध्याकाळपासून.
बोगदा खणलेला होता, तयार होता,
माझी हाक उंबऱ्याबाहेर पडलीच नव्हती.

राउटर उलटा केला.
चिकटपट्टीवरचा पासवर्ड टॉर्चमध्ये वाचला,
शून्य की ओ, यात पाच मिनिटं गेली.
तिसऱ्या घरातला एक खोडून
सत्तावन्न टाका, मैनोद्दीन म्हणाला.
सत्तावन्नच का?
'असंच. आपल्या गल्लीत कुणाचं नसंल.'

हॉलमधून आवाज: अगं, माझं गेलं की!
येईल, आत्या. नवा पत्ता घेऊन येईल.

पुन्हा पिंग.
सत्तेचाळीस.
उशिराचा इतका आनंद
मला आयुष्यात कधी झाला नव्हता.
'बरोबर हाय,' मैनोद्दीन म्हणाला,
'एवढं चालून यावंच लागतंय,'
आणि जेवायला गेला.

खिडकी उघडली.
अकरा दिवसांपूर्वी, जिना उतरायच्या आधी,
बिरादार ट्रेडिंगपुढे मी अर्धा टाकलेला आकडा
तसाच होता. चार आणि पुढे काही नाही.
कर्सर त्याच्याशेजारी लुकलुकत उभा.
मी दोन टाकला. बेचाळीस पोती.

सव्वा अकराला हणमंतमामांचा फोन:
'पोरी, इथं तर पडद्यावर नुसतं कुलूप दिसतंय.
झोपलीस का?'
नाही मामा.
आतच आहे मी.
तेवढी खिडकी लावून घ्या, जमलं तर.
चिठ्ठी उडेल.